पाठीवरचे पान

१६३९ साली माद्रिदमध्ये आंतोनियो रुइस दे मोंतोया या जेझुइट धर्मगुरूचे एक पुस्तक छापून आले. आयुष्यातली पंचवीसेक वर्षे त्याने पाराग्वायच्या रानात गुआरानी लोकांमध्ये काढली होती आणि आता त्यांची गाऱ्हाणी घेऊन तो स्पेनच्या दरबारी आला होता. पुस्तकात धर्मांतराच्या हकिकती आहेत, चमत्कार आहेत, साओ पावलोहून गुलाम पकडायला येणाऱ्या टोळ्यांची वर्णने आहेत. त्यातच एका झाडाच्या पानाविषयी थोडा मजकूर आहे. मबाराकायूच्या डोंगरात गुआरानी माणसे ते पान तोडतात, भाजतात, कुटतात आणि पाच-सहा अरोबांचे ओझे करून पाठीवरून मैलोगणती वाहून नेतात, असे मोंतोया सांगतो. अरोबा म्हणजे साधारण साडेअकरा किलो. वाहणाऱ्या माणसाचे वजन त्याच्या ओझ्याहून कमी असे, हेही तो नोंदवतो. या कामाने हजारो माणसे खाल्ली आणि त्या रानात त्यांच्या हाडांचे मोठाले ढीग आपण डोळ्यांनी पाहिले, अशी त्याची साक्ष आहे.

ते पान येर्बा मातेचे. आज अर्जेंटिना, उरुग्वाय, पाराग्वाय आणि दक्षिण ब्राझील हा सगळा मुलूख त्यावर जगतो म्हटले तरी चालेल. फुटबॉल सामन्याला निघालेल्या मेस्सीच्या हातात जो छोटा तुंबा आणि त्यात खोचलेली धातूची नळी दिसते, ते हेच पेय. एकाने पाणी ओतायचे, बाकीच्यांनी आळीपाळीने त्याच तुंब्यातून, त्याच नळीने प्यायचे, अशी त्याची रीत. मातेचा इतिहास बहुतेक वेळा या बैठकीतून, या आपुलकीतून सांगितला जातो. ती आपुलकी खरीच आहे. पण चारशे वर्षांची कागदपत्रे पाहिली, तर हा इतिहास ज्यांनी ते पान पाठीवर वाहिले त्यांच्या बाजूने सांगावा असे मला वाटते. कारण पेय बदलले नाही, राज्ये बदलली, मालक बदलले, आणि ओझे मात्र त्याच लोकांच्या पाठीवर राहिले.

ख्रिसमसच्या सजावटीत जी होलीची काटेरी पाने दिसतात, त्या कुळातले हे झाड. पाराना, उरुग्वाय आणि पाराग्वाय या नद्यांच्या दरम्यानच्या दमट जंगलात ते मोठ्या वृक्षांच्या सावलीत आपोआप वाढते, पंधरा मीटरपर्यंतही जाते. पान सदाहरित, जाडसर, कडेला बारीक दाते असलेले. नुसते वाळवले तर ते काळे पडते आणि चव बिघडते. म्हणून तोडलेल्या फांद्या आधी उघड्या ज्वाळांवरून झरझर फिरवायच्या. पाने तडतडतात, त्यांतला ओलावा उडतो आणि त्यांना काळे पाडणारी क्रिया तिथेच थांबते. मग काठ्यांच्या कमानदार मांडवावर ती पसरून खालून मंद, धूर न होणारी आच द्यायची. या मांडवाला बार्बाकुआ म्हणतात. त्यावर रात्रभर बसून आच सांभाळणारा माणूस ऊरू. तो अनुभवी नसेल तर सगळा माल करपायचा. वाळलेले पान कुटायचे, चामड्याच्या पिशव्यांत दाबून भरायचे. ही सारी रीत गुआरानींची आहे. युरोपीय माणसाने तिच्यात पुढे यंत्रे घातली, पण क्रम तोच ठेवला.

गुआरानी हे पान चघळत, पाण्यात टाकून पीत. लांबच्या चालीत, शिकारीत भूक मारायला आणि थकवा हटवायला त्याचा उपयोग होई. पण रोज उठून सगळ्यांनी प्यायचे असे ते पेय होते का? मोंतोयाने ऐंशी-शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यांना मुद्दाम विचारले. आमच्या तरुणपणी हे सर्रास कुणी पीत नसे, एक मोठा मांत्रिक तेवढा ते वापरी आणि त्यानेच ते इतरांना दाखवले, असे त्यांनी सांगितले. पाद्र्यासमोर बोलणारी ही माणसे होती; काय सांगायचे आणि काय राखायचे हे त्यांना कळत असणार. तरी एवढे त्यातून निघतेच की पानाचा मान विधीशी, मांत्रिकाशी जोडलेला होता आणि वापर बेताचा होता. नंतरच्या ख्रिस्ती दंतकथेने मांत्रिकाला बाजूला सारून तिथे संत थॉमसला बसवले. आपल्याकडे मैलापूरशी ज्याचे नाव जोडले जाते तोच हा प्रेषित म्हणे पाराग्वायपर्यंत चालत गेला आणि पान भाजायला शिकवून आला. गुआरानींकडून त्यांच्याच पानाचे श्रेय काढून घेण्याचा तो पहिला प्रयत्न असावा.

पानाचा गुण कॅफिनचा. वाळलेल्या पानात ते वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के असते. शिवाय कोकोत सापडणारे थिओब्रोमाइनही असते. दिवसभराच्या श्रमाने मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते माणसाला ‘आता थांब’ असे सांगते. कॅफिन त्याची जागा अडवते. थकवा जात नाही. थकव्याचा निरोप पोचत नाही, इतकेच. भूक मंदावते, लघवी वाढते, हात चालत राहतात. या इतिहासात पुढे जे घडले त्याच्या मुळाशी हा गुण आहे. जे पान शिकाऱ्याला एक दिवस उपाशी चालवू शकत होते, तेच हमालाला अर्धपोटी वर्षभर चालवायला कामी आले. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने गरम माते हे बहुधा कर्करोगकारक असल्याचे ठरवले होते. २०१६ मध्ये तिने पुन्हा पाहणी करून दोष पानावरून उष्णतेवर नेला. ६५ अंशांहून अधिक गरम कुठलेही पेय अन्ननलिकेला घातक ठरू शकते, माते फार गरम नसेल तर त्याविरुद्ध पुरेसा पुरावा नाही, असे तिने म्हटले.

१५३७ मध्ये असुन्सियोन वसले. तिथल्या स्पॅनिश पुरुषांनी गुआरानी बायका केल्या, त्यांच्या घरात गुआरानी बोलली जाऊ लागली, आणि पानही त्याच वाटेने घरात आले. सोळावे शतक संपेपर्यंत असुन्सियोन या पेयाच्या इतके आहारी गेले होते की अधिकारी आणि धर्मगुरू दोघेही घाबरले. लोक कामधंदा सोडून दिवसभर पीत बसतात, ही तक्रार सरकारची; प्यायल्यावर मिस्सेच्या मध्येच उठून बाहेर जातात, ही चर्चची. पानाचा मांत्रिकाशी असलेला संबंध पाद्र्यांना सलत होता, आणि हे प्रकरण लिमाच्या धर्मन्यायालयापर्यंत गेले. वसाहतीतच जन्मलेला पहिला राज्यपाल एर्नांदारियास याने बंदीचे हुकूम काढले. कुठल्याही बंदीचे होते तेच या बंदीचे झाले. याच सुमारास, १६११ मध्ये, राजाचा निरीक्षक फ्रान्सिस्को दे अल्फारो याने स्थानिक लोकांकडून सक्तीची वैयक्तिक सेवा घेण्याविरुद्ध नियमावली केली आणि येर्बाच्या कामावरही बंधने घातली. असुन्सियोनच्या जमीनदारांनी ती कागदावरच ठेवली. पान तोवर पैसा झाले होते. पाराग्वायमध्ये नाणे दुर्मीळ, त्यामुळे देणीघेणी येर्बाच्या वजनात होऊ लागली. नदीने ते सांता फेला जाई, तिथून बैलगाड्यांनी आणि खेचरांनी चिलीला, पेरूला, पोतोसीच्या चांदीच्या खाणींना. लिमाच्या श्रीमंत घरांत चांदीने मढवलेले तुंबे आणि चांदीच्या नळ्या आल्या. पोतोसीच्या खाणीत उतरणारा मजूर आणि त्या चांदीच्या नळीने पिणारी मालकीण, दोघांची तलफ भागवायला मबाराकायूत कुणी तरी झाड ओरबाडत होते.

जेझुइटांचा पानाला सुरुवातीला विरोधच होता. १६०९ पासून त्यांनी गुआरानींची मिशन गावे वसवायला घेतली. १६२८ पासून साओ पावलोच्या टोळ्यांनी ग्वायरा प्रांतातली गावे एकेक करून लुटली, हजारो माणसे दोरखंडाने बांधून नेली. १६३१ मध्ये मोंतोयाने उरलेल्या सुमारे बारा हजारांना तराफ्यांवर घालून पाराना नदीने दक्षिणेकडे आणले. वाटेतल्या प्रचंड धबधब्यांपाशी तराफे सोडून रानातून चालावे लागले. या स्थलांतरानंतर गावे पाराना आणि उरुग्वायच्या काठाने पुन्हा उभी राहिली, पुढे त्यांची संख्या तीस झाली, आणि १७३२ मध्ये त्यांत १,४१,००० हून अधिक लोक राहत होते.

या गावांना राजाला कर द्यावा लागे, प्रौढ पुरुषामागे वर्षाला एक पेसो. चर्चसाठी घंटा, शेतीला लोखंड, कापडाला रंग हे बाहेरून आणायचे तर विकायला काही हवे. सूत होते, साखर होती, पण चार पैसे देणारे पान होते. सतराव्या शतकाच्या मध्यावर जेझुइटांनी राजाकडून येर्बा विकायची परवानगी मिळवली. असुन्सियोनचे व्यापारी खवळले. कर न भरणाऱ्या पाद्र्यांनी बाजारात उतरू नये, ही त्यांची ओरड. अखेर मिशनांना वर्षाला १२,००० अरोबांची मर्यादा घालण्यात आली. जेझुइटांनी मग वजनाऐवजी दर्जावर भर दिला. काड्या-देठांसकट कुटलेला माल सगळेच विकत. मिशनांनी देठ काढून नुसत्या पानाचा बारीक ‘काआमिनी’ बाजारात आणला आणि त्याला दुप्पट भाव मिळवला. सांता फे आणि ब्वेनोस आयरेसमध्ये त्यांच्या पेढ्या होत्या, हिशेब चोख होते. गावात रोज येर्बा वाटली जाई. मक्याच्या दारूऐवजी माणसे हे पितात, यावर पाद्री खूश होते. ज्या पानाला त्यांच्या आधीच्या पिढीने सैतानी ठरवले होते, ते आता शिस्तीचे साधन झाले होते.

पण पान अजून रानातूनच यायचे. गावापासून शेकडो किलोमीटरवरच्या येर्बाच्या रानात माणसांच्या तुकड्या महिनोन्महिने जात. त्या काळात घरची शेती पडून राही. वाटेत जग्वार, साप, हिवताप. परतणाऱ्यांत काही नसत. हाडांचे ढीग पाहिलेल्या माणसाच्या वारसदारांना हे खुपले असेल. त्याहून अधिक, मला वाटते, गावाचे गणित बिघडते हे खुपले असेल. कारण काहीही असो, त्यांनी जे केले त्याला या साऱ्या इतिहासात तोड नाही. माणसाला झाडापर्यंत पाठवण्याऐवजी त्यांनी झाड माणसापर्यंत आणायचे ठरवले.

हे सोपे नव्हते. येर्बाचे बी पेरले तर उगवत नाही. कवच कठीण, आतला गर्भ अपुरा वाढलेला, आणि बियाभोवती चिकट गर. रानात पक्षी फळे खातात, बी त्यांच्या पोटातून जाते आणि मग रुजते. ऑस्ट्रियाहून आलेला जेझुइट मार्टिन डोब्रित्सहोफर याने मिशनांतली पद्धत लिहून ठेवली आहे. बी पाण्यात पुन्हा पुन्हा चोळून गर पूर्ण जाईपर्यंत धुवायचे. वाफ्यात इतके पाणी द्यायचे की मातीचा चिखल व्हावा. मग पेरायचे आणि धीर धरायचा. कोंब वर यायला महिने लागतात. रोपे पुढे खड्ड्यांत अंतराने लावायची, गारठ्यापासून जपायची. तीन-चार वर्षांनी पहिली तोडणी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बऱ्याच मिशन गावांच्या शिवारात अशा बागा उभ्या होत्या. झाडे छाटून कमी उंचीची ठेवलेली, तोडणी हाताच्या टप्प्यात, सूर्यास्ताला माणूस घरी.

या बागा कुणी उभारल्या असे विचारले की पुस्तके जेझुइट म्हणून उत्तर देतात. बी धुणारे, वाफे भिजवणारे, हजारोंनी रोपे जगवणारे हात गुआरानींचे होते, आणि कुठल्या पक्ष्याने फळ खाल्ले की कुठे रोप येते हे रानात पिढ्यानपिढ्या पाहिलेलेही तेच. जेझुइटांनी लिहून ठेवले, म्हणून नाव त्यांचे झाले. मिशन म्हणजे स्वर्ग होता असेही मी म्हणणार नाही. तिथे घंटेवर उठायचे, घंटेवर राबायचे, चुकल्यास फटके खायचे. १७३० च्या दशकात देवी आणि उपासमारीने गर्दीतली ती गावे निम्मी ओस पाडली. तरी बाहेरच्या मबाराकायूशी तुलना केली, तर या बागांनी माणसाच्या पाठीवरचे ओझे शंभर वर्षांत पहिल्यांदा हलके केले होते, आणि ते मान्य करायला हवे.

फेब्रुवारी १७६७ मध्ये स्पेनचा राजा कार्लोस तिसरा याने आपल्या साऱ्या राज्यातून जेझुइटांना हाकलायचा हुकूम काढला. गुआरानी गावांत तो १७६८ मध्ये बजावला गेला. पाद्र्यांना नावांत बसवून युरोपला रवाना केले. गावे सरकारी कारभाऱ्यांच्या ताब्यात गेली. त्यांची मुदत थोडी, वेतन तुटपुंजे, आणि डोळा गावाच्या गुरांवर आणि गोदामांवर. त्या वर्षी सुमारे ८८ हजार असलेली वस्ती १८०१ पर्यंत निम्म्यावर आली. माणसे गुरांच्या कुरणांत, ब्वेनोस आयरेसच्या गल्ल्यांत, पाराग्वायच्या शेतांत पांगली. बागांत तण माजले, झाडे खुरटली.

इथे नेहमी एक गोष्ट सांगितली जाते: बी रुजवण्याचे गुपित जेझुइटांनी आपल्याबरोबर नेले आणि जग शंभर वर्षे ते शोधत राहिले. मला ही गोष्ट पटत नाही. डोब्रित्सहोफरचे पुस्तक १७८४ मध्ये व्हिएन्नात छापले गेले, त्यात कृती आहे. १८२२ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. ज्यांनी बी रुजवले होते ते गुआरानी तर तिथेच होते, कुणी विचारले असते तर त्यांनी दाखवले असते. गुपित नव्हते, गरज नव्हती. १७७० च्या दशकात उत्तर पाराग्वायमध्ये कोन्सेप्सियोन वसले आणि त्याच्या पलीकडची जंगली येर्बाची राने खुली झाली. १७७८ मध्ये स्पेनने व्यापाराचे निर्बंध सैल केले, मागणी वाढली, आणि व्यापाऱ्याने पेशगी देऊन माणसे रानात पाठवायला सुरुवात केली. बाग लावायची तर चार वर्षे थांबायला लागते, जमीन, पाणी, निगा लागते. रानात झाड फुकट आणि माणूस जवळजवळ फुकट. ज्ञान विसरले गेले ते अशा हिशेबात.

हा हिशेब मोडू पाहणारा एक माणूस १८२१ मध्ये तिथे पोचला आणि त्याची त्याला जबर किंमत मोजावी लागली. एमे बोंप्लां हा ला रोशेलचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ. १७९९ ते १८०४ तो जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टबरोबर ओरिनोको आणि अँडीज फिरला होता. नेपोलियनची जोसेफिन हिच्या मालमेझोंच्या बागा त्याने सांभाळल्या होत्या. ती गेल्यावर तो दक्षिण अमेरिकेत परतला. येर्बाने त्याला झपाटले. पारानाच्या पूर्व तीरावर, उजाड झालेल्या सांता आना मिशनच्या जागी, त्याने जुन्या मिशनातल्या गुआरानींना गोळा केले, त्यांचा मुख्य आरिपी याच्याशी करार केला आणि झाडांची निगा व लागवड यांचे प्रयोग मांडले. नदीच्या पलीकडे पाराग्वाय होते आणि तिथे होसे गास्पार रोद्रिगेस दे फ्रान्सिया हा एकहाती राज्य करत होता. त्याने देशाच्या सीमा जवळपास बंद केल्या होत्या. त्या बंद देशाला बाहेर विकायला जे होते त्यात येर्बा मुख्य. समोरच्या तीरावर, ज्यावर पाराग्वायही दावा सांगत होते, कुणी परका ती पिकवतो हे त्याला सहन होण्यासारखे नव्हते. त्यात बोंप्लांचे संबंध फ्रान्सियाच्या शत्रुपक्षातल्या सरदारांशी होते. डिसेंबर १८२१ मध्ये पाराग्वायच्या सैन्याने रात्री नदी ओलांडली, वस्तीची राखरांगोळी केली, काही गुआरानींना मारले, बाकीच्यांना नेले. डोक्याला जखम झालेल्या बोंप्लांला बेड्या घालून पलीकडे नेण्यात आले.

त्याला तुरुंगात घातले नाही. सांता मारियाच्या परिसरात तो नजरकैदेत राहिला, शेती केली, दारू गाळली, औषधे दिली, लोकांचा वैद्य झाला. दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नेता बोलिवार याने १८२३ मध्ये फ्रान्सियाला पत्र लिहून त्याची सुटका मागितली, हुम्बोल्टने खटपट केली, ब्रिटिश प्रतिनिधीने रदबदली केली. फ्रान्सिया बधला नाही. १८२९ मध्ये अचानक निघून जायचे फर्मान आले, आणि प्रत्यक्ष नदी ओलांडायला १८३१ उजाडले. बोंप्लां युरोपला परतला नाही. कोर्रिएन्तेस प्रांतात झाडे लावत, रोग्यांना तपासत १८५८ मध्ये तो तिथेच वारला. त्याला युरोपात हुतात्म्यासारखी प्रसिद्धी मिळाली. त्या रात्री मेलेल्या गुआरानींची नावे मात्र युरोपात कुणी विचारली नाहीत. दरम्यान १८२२ मध्ये सेंत-इलेर या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने झाडाला ‘इलेक्स पाराग्वारिएन्सिस’ हे शास्त्रीय नाव दिले होते.

१८६४ मध्ये सुरू झालेल्या युद्धात पाराग्वाय एकट्याने ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वायशी लढले. १८७० मध्ये ते संपले तेव्हा देशात प्रौढ पुरुष औषधालाही सापडेनात. फ्रान्सिया आणि नंतरच्या लोपेस बापलेकांच्या राजवटीत येर्बाची राने सरकारच्या मालकीची होती. कंगाल झालेल्या नव्या सरकारने १८८३ आणि १८८५ च्या कायद्यांनी ती विकायला काढली. १८८६ मध्ये ‘ला इंदुस्त्रियाल पाराग्वाया’ ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या हाती वीस लाख हेक्टरांहून अधिक जमीन गेली. ब्राझीलच्या मातो ग्रोसोत तोमास लारांजेइराने अशाच प्रचंड रानांचा मक्ता मिळवला. जमीन विकली गेली, तिच्यावर राहणाऱ्या माणसांचीही सोय आधीच लावून ठेवली होती: १ जानेवारी १८७१ च्या फर्मानानुसार मालकाच्या लेखी परवानगीवाचून येर्बाचे रान सोडणाऱ्या मजुराला पकडून परत आणायचे होते, आणि तो खर्चही त्याच्याच नावावर टाकायचा होता.

या मजुराला मेन्सू म्हणत. पोसादास किंवा एन्कार्नासियोनच्या बंदरात त्याला उचल मिळे. महाराष्ट्रातल्या ऊसतोड मजुराला उचल म्हणजे काय आणि मुकादम म्हणजे कोण हे सांगावे लागणार नाही. मेन्सूचेही तेच, फक्त परतीची वाट बंद. उचल चार दिवसांत दारूत आणि कपड्यांत जाई, मग आगबोटीने त्याला आल्तो पारानाच्या वर नेऊन रानात सोडत. तिथे कंपनीचे एकच दुकान, भाव कंपनीचे, हिशेबाची वही कंपनीची. पहाटे अंधारात मातेचा तुंबा फिरे, उकडलेला मका, कधी सुके मांस, आणि मग रान. झाडावर चढायचे, कोयत्याने फांद्या छाटायच्या, ज्वाळेवरून फिरवायच्या आणि शंभर किलोच्या घरात जाणारा भारा कपाळावरच्या पट्ट्याने तोलून अरुंद वाटांनी तळावर आणायचा. वजनात काटा मारला जाई. पळणाऱ्यामागे बंदूकधारी सुटत. मोंतोयाच्या काळापासून पावणेतीनशे वर्षे उलटली होती आणि ओझे कमी होण्याऐवजी वाढले होते.

हे जगासमोर मांडणारा राफाएल बार्रेत हा स्पेनमध्ये जन्मलेला, क्षयाने पोखरलेला, तिशीतला पत्रकार. असुन्सियोनच्या ‘एल दियारियो’ या वृत्तपत्रात जून १९०८ मध्ये त्याने येर्बाच्या रानांवर लेखमाला लिहिली. १८७१ चे फर्मान, उचल, दुकान, भारा, पाठलाग, हे सारे त्याने क्रमाने मांडले आणि त्याला गुलामी असेच नाव दिले. कंपन्यांत ज्यांचा पैसा गुंतला होता त्यांच्याच शहरात राहून त्याने हे लिहिले. त्याच वर्षी त्याला अटक होऊन देशाबाहेर काढण्यात आले. १९१० मध्ये फ्रान्समध्ये तो मेला, वय चौतीस. चार वर्षांनी ओरासियो किरोगाने मेन्सूंवर कथा लिहिली, १९४३ मध्ये आल्फ्रेदो वारेलाची कादंबरी आली आणि तिच्यावरून १९५२ मध्ये ऊगो देल कार्रिलने चित्रपट काढला. मेन्सू हा शब्द त्यांनी अर्जेंटिनाच्या घराघरांत नेला, पण रानात पहिल्यांदा बोट ठेवले ते बार्रेतने, आणि तेही ज्या वेळी ते सर्वांत धोक्याचे होते तेव्हा.

बाग पुन्हा आली ती दयेने नव्हे, राने संपत आली म्हणून. ओरबाडलेली झाडे वाळत होती, पान आणायला आणखी आत जावे लागत होते. १८९० च्या दशकात ब्वेनोस आयरेसच्या उद्यानांचा प्रमुख कार्लोस थाइस याने बी गरम पाण्यात भिजवून रुजवून दाखवले. १९०३ च्या सुमारास मिसियोनेस प्रांतात सान इग्नासियोला, जेझुइटांच्या लाल दगडी भग्नावशेषांच्या शेजारी, पहिली आधुनिक लागवड झाली. मग पोलंड, युक्रेन, जर्मनीहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी लाल मातीत येर्बाच्या रांगाच रांगा लावल्या. इतक्या की १९३० च्या दशकात पीक अती झाले आणि सरकारला १९३५ मध्ये नियामक मंडळ नेमून लागवडीवर बंधने आणावी लागली. आज सर्वाधिक येर्बा अर्जेंटिनात पिकते. तिचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक सीरिया; दक्षिण अमेरिकेत पोटासाठी गेलेले सीरियन परतताना ही सवय घेऊन गेले. पाराग्वायने थंड पाण्यातल्या मातेला, तेरेरेला, २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत नेले.

बागेत तोडणी करणाऱ्याला आता तारेफेरो म्हणतात. एप्रिल ते सप्टेंबर हा त्याचा हंगाम. पुष्कळ जण त्या काळात मळ्यातच प्लास्टिकच्या ताडपत्र्यांखाली राहतात, कधी बायकामुलांसकट. पैसे किलोवर मिळतात, आणि कंत्राटदार मध्ये असतो. तोडलेल्या फांद्या मोठ्या कापडात गुंडाळून जो भारा बांधतात त्याला मेन्सूंच्या काळातलाच शब्द अजून आहे, राइदो, आणि तो आजही शंभर किलोच्या आसपास भरतो. वाकलेल्या माणसाच्या पाठीवर दोघे जण तो चढवून देतात. याच मिसियोनेसमध्ये म्ब्या गुआरानींच्या वाड्या आहेत. त्यांच्या प्रार्थनाघरात येर्बाची पाने आणून ठेवायचा आणि मुलांना नावे द्यायचा विधी अजून होतो. त्याच वाड्यांतले पुरुष हंगामात शेजारच्या मळ्यांत रोजाने तोडणीला जातात.